उरलेले सहा नारळ

देवाच्या तराजूत कधी खोट निघत नाही, असे आमच्याकडे मोठ्या गांभीर्याने सांगतात. माझी नोकरी वजनमापे तपासण्यात गेली. काटा प्रमाणित करून शिक्का मारायचा, खोटा निघाला तर जप्त करायचा. त्यामुळे हे वाक्य ऐकले की पहिला प्रश्न मनात येई तो एवढाच, की शेवटची तपासणी कधी झाली होती? देवाशी माझे वैर नव्हते. पण देवळातल्या घोषणा, सत्काराचे नारळ आणि खांद्यावरच्या शाली यांच्याशी माझे कधी जमले नाही. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे लिहिणार आहे ते लिहिताना मला किती अवघड जाते आहे हे कळेल.

माझी नात जन्मली तीच नाजूक. तेव्हा माझ्या पत्नीने आमच्या डिचोलीकडच्या देवीला नवस केला, की पोर जगली तर तीन वाढदिवस तिचा नारळांनी तुळाभार करीन आणि तिसरा होईपर्यंत तिच्या तोंडाला मासळी-अंडे लावणार नाही. पोर जगली. मुलगा आणि सून दोघेही पणजीला नोकरीला, सकाळची बस धरणारे. दिवसभर नात आम्हा दोघांकडे. माझ्याकडे म्हणजे माझ्या मांडीवर. सकाळी आणि दुपारी मी चहा घेई, तीही घेई. माझ्या बशीतला चहा आणि त्यात बुडवलेली बिस्किटे. जेवणाच्या वेळी तिला भूक नसे. मग पत्नी तिला भाताची पेज भरवी, ती चार घास घेई, आणि आम्ही म्हणत असू, ‘शहाणी आहे, त्रास देत नाही.’ ती खरोखरच त्रास देत नसे. पळत नसे, चढत नसे, पडत नसे. दोन वर्षांचे मूल दिवसभर शांत बसते याचा आम्हाला अभिमान वाटत असे, हे आज लिहितानाही लाज वाटते.

गावातल्या अंगणवाडीच्या ताई दर महिन्याला तिचे वजन करीत. एकदा त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, “सायब, साडेआठच भरते. गेल्या वर्षीही एवढीच होती. तक्त्यावर पिवळ्यात, म्हणजे कमी वजनात गेली आहे.”

मी विचारले, “तुमच्या काट्यावर तपासणीचा शिक्का कुठल्या वर्षाचा आहे?”

“काट्याचे मागीर बघा सायब,” त्या म्हणाल्या, “आदी चेडवाक पळयात.”

पोरीकडे बघायचे सोडून मी त्यांना आकडीला लटकणाऱ्या काट्यांचे दोष समजावून दिले. स्प्रिंग कशी सैलावते, मूल हातपाय हलवते तेव्हा काय होते, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, पत्नीच्या हातात आरोग्य केंद्राची चिठ्ठी ठेवली आणि गेल्या. चिठ्ठी मी पंचांगात ठेवली. सून दोनदा म्हणाली, “बाबा, एकदा दाखवून येऊया ना.” मी म्हणालो, आधी खात्रीचे वजन होऊ दे.

खात्रीचे वजन दुसऱ्या वाढदिवसाला झाले.

तुळाभाराचे नारळ आमच्याच कुळागरातले, नारळी-पोफळीच्या बागेतले. मी ते सोलून, एकेक करून माझ्या घरच्या छोट्या काट्यावर घातले आणि बरोबर अर्ध्या किलोचे तेवढे निवडले. गेल्या वर्षीही असेच निवडले होते. नारळ लहान-मोठे घेऊन पारडे भरणे ही मला पहिल्यापासून देवाची फसवणूक वाटे. हा माझा काटा पाच किलोपर्यंतचा. नारळाला पुरतो, नातीला नाही. गेल्या वर्षी सतरा लागले होते. पोर वर्षाने मोठी झाली, म्हणून मी तेवीस नेले.

देवळातल्या मोठ्या तराजूच्या एका पारड्यात नातीला बसवले. दुसऱ्यात भटजी नारळ ठेवू लागले. सतराव्या नारळाला तिचे पारडे उचलले. त्यांनी हात थांबवला. पिशवीत सहा नारळ राहिले.

नारळांवर आक्षेप घेण्याची सोय नव्हती. ते मीच तोलले होते. तराजूवर घ्यावा तर गेल्या वर्षीही हाच होता, आणि चुकणारा काटा दरवेळी सारखाच चुकत असेल तर वाढ तरी खरी सांगतोच. वाढ शून्य होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे कुठल्याही काट्याबद्दल बोलण्यासारखे काही उरले नाही.

आमच्या मागे तुळाभारासाठी पेडण्याकडची एक मासे विकणारी बाई नातवाला घेऊन उभी होती. तो गोटा तिच्या कडेवर मावत नव्हता. तिने आमच्या पोरीला न विचारता पारड्यातून उचलले, दंडाला दोन बोटे लावली आणि पत्नीला म्हणाली, “बाये, हिका जेवण कोण वाडटा?”

“मीच वाढते,” पत्नी म्हणाली.

“मागीर हिच्या वांट्याचें खाता कोण?”

पत्नीला रडू फुटले. तिने नवस सांगितला. बाई ऐकून म्हणाली, “देवीन तुमकां सांगलां, हिका नुस्तें, मासळी दिवप ना म्हणून? तुमीच उलयल्यात आनी नांव तिचें!” बोललो आम्ही आणि नाव देवीचे, हे खरेच होते. मग माझ्याकडे वळून, “आनी आजो, तू किदें करता?”

“चहा देतो,” मी म्हणालो. दुसरे खरे उत्तर नव्हते.

भटजी म्हणाले, नवस आपल्या मनाने मोडू नका, देवीला कौल लावून विचारून घ्या. त्यांनी देवीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावल्या आणि आम्ही हात जोडून उभे राहिलो. मी अनेक कौल पाहिले आहेत, नेहमी खांबाला टेकून. त्या दिवशी टेकलो नाही. मनात एवढेच म्हटले, की माझे सगळे हिशेब चुकले आहेत, पोर तुझी आहे, सांग. उजवी पाकळी पडली, म्हणजे मासळी-अंडे द्यायला देवीचा होकार. गाभाऱ्याच्या दारातला पंखा चालू होता, ही गोष्ट मी प्रामाणिकपणे नोंदवतो. तरीही माझ्या डोळ्यांत पाणी आले, हेही नोंदवतो.

दुसऱ्या दिवशी पंचांगातली चिठ्ठी काढून आम्ही आरोग्य केंद्रात गेलो. रक्त कमी निघाले, जंतांचे औषध मिळाले, लोहाचे औषध मिळाले. डॉक्टरीणबाईंनी रोज अंडे, घट्ट वरण, भातावर तूप, काटे काढलेली मासळी आणि दोन जेवणांच्या मध्ये केळे असे सांगितले, आणि चहा-बिस्कूट आजोबांपुरतेच ठेवायला बजावले. मी अंगणवाडीत जाऊन ताईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “माफी रावूं दी सायब, पोरीला रोज पाठवा. चार मुलांत बसली की जेवते.” जेवली. दोन महिन्यांत ती पहिल्यांदा माझ्या अंगावरून चढून कपाटावर गेली आणि माझा चष्मा मोडला. मी देवीला नमस्कार केला.

त्या बाईला मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पुष्कळ शोधले. भेटली नाही. त्या बाजारात मासेवाल्या किती बसतात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात काही गूढ वाटणार नाही. मलाही वाटत नाही. ती त्या घडीला आमच्या मागे उभी होती, एवढे मला पुरते. शरण जाणे म्हणजे डोके गहाण टाकणे, असे मी इतकी वर्षे समजत होतो. आता वाटते, जे दुसरा कोणी स्पष्ट दाखवतो आहे ते बघायला तयार होणे एवढाच त्याचा अर्थ असावा. आपल्या शिक्क्याशिवाय जगात काही खरे असू शकते, हे कबूल करायला मला देवीची पायरी लागली. तिने ती दिली, याबद्दल मी तिचा जन्मभराचा ऋणी आहे.

तिसऱ्या तुळाभाराला मी तेवीसच नारळ नेले. जास्त नेणे म्हणजे देवीला अपेक्षा सांगण्यासारखे वाटले. एक कमी पडला. तो देवळासमोरच्या दुकानातून घेतला, तोललाही नाही.

त्यानंतर भटजींच्या परवानगीने मी दोन्ही काटे प्रमाण वजने लावून तपासले. देवळाचा पाव किलोने खोटा निघाला. अंगणवाडीचा बरोबर होता.