टाका हो, बॅट टाका

तुम्ही कधी स्वतःच्या नवऱ्याला भर मैदानात, शंभर माणसांसमोर, "अहो टाका, हातातलं टाका" असं ओरडून सांगितलंय का? मी चार वर्षं सांगत होते. बहारीनमधलं आमचं गाव सनद, तिथल्या आमच्या सॉफ्टबॉल टीमचे किस्से असेच साठत गेले. स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात ना, एकीत दुसरी, दुसरीत तिसरी, तसे. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. आता बहारीन सोडून कायमची वसईला आले आहे, पण पिशव्या काही संपत नाहीत.

*

आधी हे सांगते, की आम्ही क्रिकेटवाली माणसं सॉफ्टबॉलमध्ये पडलोच कशी. माझे मिस्टर इनास एका हॉटेलच्या लाँड्रीत होते. त्यांचा सुपरवायझर रॉमेल फिलिपिन्सचा. आमच्या बिल्डिंगमागचं मैदान क्रिकेटला लहान पडायचं, दर सिक्सरला कुणाची तरी गाडी वाजायची. रॉमेल म्हणाला, "मी तुम्हाला माझा खेळ शिकवतो."

सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचा धाकटा भाऊ. चेंडू मारायचा, बॅट तिथेच टाकायची आणि पहिल्या बेसकडे पळायचं. चेंडू आधी पोचला तर आउट, माणूस आधी पोचला तर सेफ. चारही बेस फिरून परत घरी, म्हणजे जिथून मारलं तिथे, आलात की एक रन.

रॉमेलने सगळ्यांना ग्लोव्ह दिले. आमचा कॅप्टन शैलेश, पुण्याचा इंजिनीअर, त्याने ग्लोव्ह परत केला. "आम्ही हातानेच कॅच घेतो. लहानपणापासून."

पहिल्याच कॅचला त्याचं बोट भेंडीएवढं होतं ते वांग्याएवढं झालं. मी हळदीचा लेप लावत होते आणि त्याची बायको सुलभा शेजारी उभी राहून म्हणत होती, "काकी, जरा जास्त लावा. तेवढाच ग्लोव्ह होईल."

*

इनास टीममध्ये सगळ्यात वयस्क, तेव्हाच छप्पन्न वर्षांचे. पण मारायचे छान. पहिल्या मॅचला त्यांनी असा चेंडू हाणला की रॉमेल खुर्चीवर उभा राहिला. इनास पळाले. बॅट हातात. बेसजवळ आल्यावर त्यांनी वाकून बॅट पुढे टेकवली, अगदी क्रीजमध्ये टेकवतात तशी, आणि अंपायरकडे बघून मान हलवली.

अंपायरने आउट दिलं. आमच्या लीगचा नियमच होता, बॅट घेऊन बेसपर्यंत पळालं की आउट. कुणाला लागू नये म्हणून.

"पण मी तर केव्हाच पोचलो होतो," इनास म्हणाले.

"तुम्ही पोचलात," रॉमेल म्हणाला, "पण बॅटला कोणी बोलावलं होतं?"

पुढच्या मॅचला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. चाळीस वर्षं बॅट घेऊन पळालेला माणूस, हात ऐकेल तर ना. चार सीझन झाले, एकदाही पहिल्या बेसवर सेफ नाही.

*

मग रॉमेलने घरचा अभ्यास दिला. रोज संध्याकाळी हॉलमध्ये मी गुंडाळलेला मोजा फेकायचा, इनासनी लाटण्याने मारायचा, लाटणं टाकायचं आणि दारापर्यंत पळायचं. आठ दिवसांत खालच्या मजल्यावरची बाई वर आली. म्हणाली, "सिस्टर, तुमच्याकडे रोज सहा वाजता कोण पडतं?"

महिन्याभरात इनास लाटणं उत्तम टाकायला लागले. इतकं उत्तम, की नंतर चहाचा कप दिला, तोही टाकला. रविवारी पाहुण्यांसमोर फिश करीचं पातेलं धरायला दिलं, तर सुलभाने मधेच झडप घालून धरलं. "काकी, यांच्या हातात आता फक्त बॅटच द्या. तेवढीच राहते."

*

आमची घोषणा यातूनच निघाली. इनास बॅटिंगला आले की आम्ही बायका टाळ्यांच्या ठेक्यावर सुरू व्हायचो, "टाका हो, बॅट टाका." बिल्डिंगखाली अबू अलीचं कोल्ड स्टोअर होतं, म्हणजे आपलं किराणा दुकान. तो सनदचाच, तिथेच जन्मलेला, आणि टीम त्याच्या गावाची म्हणून प्रत्येक मॅचला चहाचा थर्मास घेऊन हजर. त्याने अर्थ विचारला, मी सांगितला. पुढच्या मॅचपासून सगळ्यात मोठा आवाज त्याचा.

सुलभाचा मुलगा तिथल्या इंग्लिश शाळेत जाणारा. तो ओरडायचा, "अंकल, ड्रॉप इट!" आणि त्याच्या शेजारी पांढऱ्या पायघोळ थोबमधला अबू अली दोन्ही हात वर करून, "टाक, बाबा, टाक!"

सुलभा मुलाला म्हणाली, "बघ. शीक काहीतरी."

*

यंदा इनास साठचे झाले. कंपनीने कळवलं, व्हिसा पुढे नाही. अठ्ठावीस वर्षांनी खलास. शनिवार दुपारची फ्लाइट मिळाली. आणि आदल्याच दिवशी, शुक्रवारी चार वाजता, सनदची पहिली प्लेऑफ मॅच. हरलो की सीझन संपला.

त्या आठवड्यात आमच्या घरात दोन गोष्टी चालू होत्या, बॅगा आणि भांडण. माझी बॅग कधीच गच्च झाली होती. इनासच्या बॅगेत तिरकी बॅट ठेवली की वजन बरोबर तीस किलो. माझ्या मिक्सरचं मोठं भांडं उरलं, त्याला जागा नाही.

"वसईला बॅट घेऊन काय करणार?" मी विचारलं.

"तू भांडं घेऊन काय करणार?"

"वाटण."

ते बॅट पुसत बसले. मग म्हणाले, "चार वर्षांत एकदाही पोचलो नाही गं. एकदा पोचलो असतो, तर हिला इथेच सोडून गेलो असतो."

मी भांडं बाजूला ठेवून दिलं.

*

मॅच बुसैतीन गावाच्या टीमशी. त्यांच्यात बरीच मुलं विमानतळावर काम करणारी, पायाने चपळ. त्यांचे लोक बस करून आले होते, सोबत ढोलही. आमच्याकडे अबू अली आणि दोन थर्मास. सुलभा त्यांच्या बाजूला बघून मोठ्याने म्हणाली, "आमच्या काकाकाकींना उद्या तुमच्याच विमानतळावरून जायचंय हो. जरा दमाने घ्या."

इनास बाकावर होते. प्लेऑफला रॉमेल त्यांना खेळवणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांनाही. तरी बूट नीट बांधून बसले होते.

शेवटच्या डावात सहा-सहा बरोबरी. बरोबरीत संपली तर गुणांनी वर असलेले बुसैतीन पुढे जाणार. आमचे दोन आउट झालेले, तिसरा झाला की संपलं. शैलेश तिसऱ्या बेसवर, घरापासून एक धाव लांब. आणि ज्याची बॅटिंग होती त्याला आधीच्याच पळण्यात पोटरीत गोळा आला. तो लंगडत बाहेर आला.

रॉमेलने बाकावर नजर फिरवली. बाकावर एकच माणूस होता.

"इनास," तो म्हणाला, "यल्ला, चल."

मी पदर घट्ट धरला. हिशोब सोपा होता. इनास पहिल्या बेसवर सेफ, तर शैलेशची रन आणि मॅच आमची. आउट, तर काहीच नाही.

पहिला चेंडू हुकला. दुसरा हुकला. तिसराही हुकला की आउट. बुसैतीनचा ढोल वाजायला लागला. तिसऱ्याला बॅट लागली, पण जेमतेम. चेंडू गडगडत तिसऱ्या बेसकडे गेला, त्यांच्या मुलाने धावत येऊन उचलला.

इनास पळाले. बॅट हातात.

मग आमची बाजू उठली. मी, सुलभा, अबू अली, खालच्या मजल्यावरची बाई, रॉमेलसुद्धा, सगळे एका आवाजात, "टाका हो, बॅट टाका!" आणि त्या गलक्यात सुलभाच्या मुलाचा बारीक आवाज मला वेगळा ऐकू आला. "काका, टाका!"

अर्ध्या वाटेवर इनासचा हात उघडला. बॅट वाळूत पडली.

चेंडू हवेत होता. इनास बेसजवळ आले, आणि चाळीस वर्षांची सवय, वाकलेच. हातात काही नव्हतं तरी वाकले, हात लांब केला, आणि साठ वर्षांचा माझा नवरा पोटावर सपाट घसरत गेला. रिकामा हात बेसवर टेकला. मग ग्लोव्हमध्ये चेंडू आल्याचा आवाज झाला.

उभे पळत आले असते तर आउट झाले असते. एका हाताच्या लांबीने वाचले.

अंपायरने दोन्ही हात पसरले. सेफ.

तिकडे शैलेश कधीचाच घरी पोचून नाचत होता. ढोल बंद पडला. अबू अलीने थर्मासचं झाकण आकाशात उडवलं, ते आम्हाला परत मिळालंच नाही. सगळे इनासकडे धावले. ते तसेच पालथे पडलेले, तोंडात वाळू, हात बेसवर. रॉमेल घाबरून खाली वाकला.

इनासनी मान वर केली. "क्रीजमध्ये आलो का?"

बुसैतीनच्या मुलांनीच त्यांना उचलून उभं केलं. त्यांच्यातला एक मला म्हणाला, "आंटी, उद्या अंकलना मी स्वतः विंडो सीट देतो."

अंधार पडायच्या आधी आम्ही निघालो. बॅट अजून अर्ध्या वाटेवर पडली होती. लोक तिला वळसा घालून जात होते. मी म्हटलं, "अहो, बॅट." इनासनी वळून पाहिलं आणि माझ्या हातातला अबू अलीचा थर्मास स्वतःकडे घेतला. तो त्यांनी घरापर्यंत टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या बॅगेत मिक्सरचं मोठं भांडं भरलं. वजन बरोबर तीस किलो आलं.