तिसऱ्या पिंजऱ्याचे काळीज

स्टोअर सांभाळणाऱ्या बाईसमोर माणसे मोकळेपणी बोलतात, त्यामुळे तिच्याकडे किस्से आपोआप साठतात. ऐंशीच्या दशकात कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाचे स्टोअर माझ्याकडे होते. त्यातले हे काही.

*

सुलभा नावाची मुलगी तेव्हा पीएच.डी. करत होती. कार्बन टेट्राक्लोराइड हे रसायन यकृत नासवते. मेंदूतल्या एका इवल्या ग्रंथीत रात्री तयार होणारे हार्मोन आधी टोचले, तर यकृत वाचते का, हे तिला उंदरांवर तपासायचे होते.

आमचा शिपाई महादू कोडोलीचा. त्याने विचारले, "यकृत म्हंजे काय, बाई?"

"काळीज. मटणात येते ना, ते."

तो सुलभाकडे वळला. "काळीज नासू नये म्हणून औषध कशाला, ताई? लगीन करू नगा, झालं."

*

एकदा विभागप्रमुख सरांच्या कोटावर तांबडा रस्सा सांडला. ह्याच रसायनाने कपडे ड्रायक्लीन करतात, हे महादूने कुठेसे ऐकले होते. तो खुंटीवरचा कोट घेऊन बाटली मागायला आला. मी दिली नाही.

"डाग तेवढा काढतो की, बाई."

"डाग जाईल, आणि वास घेऊन तुझे यकृतही जाईल."

त्याने कोट पुन्हा खुंटीला लावला. "मग ऱ्हाऊ दे. डाग सरांचा, काळीज माझं."

*

सुलभाने तीन पिंजरे मांडले होते. पहिल्याला नुसते तेल, दुसऱ्याला तेलातून विष, तिसऱ्याला हार्मोन आणि मग विष. निकाल पाहिला तर दुसरा पिंजरा तिसऱ्याइतकाच धडधाकट!

सर म्हणाले, "आणखी एकदाच करा. जमले नाही तर विषय सोडा."

सुलभाची सारी वर्षे पाण्यात जाणार होती. ती "करते, सर" एवढेच बोलली.

उंदरांना खाणे घालायचे काम महादूचे, म्हणून मी त्याला समोर उभे केले. त्याने लगेच सांगून टाकले, "इखाच्या पिंजऱ्याला रोज तीन वाट्या दूध पाजलं, बाई. मरायला टेकल्यालं पावणं, त्यास्नी तसंच कसं ठेवायचं?"

*

दुसऱ्या खेपेस पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या मी काढून टाकल्या आणि नुसती अक्षरे लावली. इंजेक्शने दार लावून दिली जात. महादू रोज विचारी, "इखाचा कुठला?" मी रोज सांगत असे, "सांगणार नाही." सुलभा त्या दिवाळीला घरीसुद्धा गेली नाही.

अखेर यकृते काढली. नुसत्या विषाची पिवळट आणि तेलकट झाली होती. हार्मोन टोचलेली बरीचशी लाल आणि नितळ होती. सरांनी एकेक यकृत उजेडात धरून पाहिले. मग म्हणाले, "प्रबंध लिहायला घ्या."

*

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. सगळे सुरळीत चालले होते. शेवटी त्यांनी विचारले, "तिन्ही पिंजऱ्यांचे खाणे सारखेच होते ना? नाहीतर ही तुलनाच व्यर्थ."

"सारखेच होते, सर," सुलभा म्हणाली.

चहा ठेवता ठेवता महादू म्हणाला, "व्हय सायेब. दूध बी सारखंच."

सुलभाचा चेहरा उतरला. सरांनी माझ्याकडे पाहिले.

"दूध?" परीक्षकांनी विचारले.

"इखाचा पिंजरा कुठला, ते बाईंनी सांगितलंच न्हाई. मग त्याच तीन वाट्या तिन्हीस्नी एकेक वाटून ठेवल्या."

परीक्षकांनी सहीसाठी काढलेले पेन तसेच धरले. "एकालाही कमीजास्त नाही? नक्की?"

महादू दुखावल्यासारखा ताठ उभा राहिला. "सायेब, आमच्यात पंगतीला भेद करत न्हाईत."

परीक्षकांनी सही केली.