नावे घेणारीचे नाव

१९९४, भाद्रपद. बोळिंजच्या एका गृहसंकुलातील गणेशोत्सव. जबाबदार: त्याच संकुलात राहणारे, बँकेत नोकरी करणारे आणि की-बोर्ड वाजवणारे एक गृहस्थ.

१९९९, दिवाळीनंतरचा आठवडा. कॅसेटचे ध्वनिमुद्रण आणि त्यासाठी भरलेला अर्ज. जबाबदार: अर्ज लिहिणारा.

२००२, वैशाख. कामणजवळच्या एका लग्नाचा मांडव. जबाबदार: पुन्हा तेच गृहस्थ.

ही यादी मी त्या गृहस्थांना तीन पत्रांतून पाठवली. तिन्ही वेळा दुसरी नोंद अशीच मोघम ठेवली. वसईला एका वकिलांकडे मी आयुष्यभर नोटिसांचे मसुदे केले; कोणती ओळ मोघम ठेवावी हे मला चांगले कळते. आज ती मोघम ठेवत नाही. अर्ज लिहिणारा मी होतो.

आमचे गाव खाडीकाठचे, भातशेतीचे. आमच्याकडे लग्नाला भटजीच्या आधी धवलारीण लागते. हळदीपासून पाठवणीपर्यंतचा प्रत्येक विधी तिच्या गाण्यावर चालतो. त्या गाण्यांना धवले म्हणतात. धवल्यात ठरलेल्या जागा रिकाम्या असतात आणि धवलारीण त्या प्रत्येक लग्नात त्या त्या घरच्या नावांनी भरते: नवरी, नवरीचा बाप, मामा, आत्या, वारलेले आजे-पणजे. एखादे नाव गळले तर तो मनुष्य पुढच्या लग्नापर्यंत रुसतो. एकच नाव मात्र धवल्यात कधीही येत नाही, ते म्हणजे गाणारीचे.

गावची जुनी धवलारीण वारली तेव्हा तिची जागा माझ्या थोरल्या बहिणीकडे आली. तिला आम्ही सगळे बाय म्हणतो. गायकांचे गट स्थापन केले जातात अशी शहरातील लोकांची समजूत आहे. आमचा गट कोणी स्थापन केला नाही. बायला श्वास घेण्यापुरती सवड हवी होती, म्हणून तो झाला. ती ओळ टाकी आणि ओळीचा शेवटचा शब्द माझी पत्नी मागून उचलून धरी. यालाच झील धरणे म्हणतात. पण पत्नीचाही श्वास मध्येच तुटे, म्हणून शेजारची वहिनी आली. दोघींनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नाही, एवढा एकच नियम. तालीम आवणीच्या वेळी शेतात होई. बाय वाकून रोप लावत मागे मागे सरके, दोघी तिच्या दोन बाजूंनी सरकत, आणि गाणे चिखलात पाय रुतलेले असतानाही तुटत नसे. अशा शिस्तीचे दुसरे गायन मी ऐकलेले नाही, आणि हे मी बहिणीच्या लोभाने म्हणत नाही.

बँकेतील गृहस्थांनी हे गायन सहकाऱ्याच्या लग्नात ऐकले आणि बोळिंजच्या गणपतीपुढे तिघींना बोलावले. गृहस्थ घाटावरचे, वागायला अदबशीर. त्यांनी की-बोर्ड मांडला आणि विचारले, "मावशी, तुमची पट्टी कोणती?"

"पट्टी क अस्तं?" बाय म्हणाली. "आज सकालधरना गला लागलाय तो हा असा."

गृहस्थ सूर शोधू लागले. दोन ओळी झाल्या आणि बाय थांबली. "तुमचा बाजा माज्या पुढं पलतं. त्याला सांगा, नवरीच्या पुढं करवली चालत नाय."

मांडव हसला. गृहस्थही हसले, आणि त्यांनी बाजा मागे ठेवला. त्या दिवशी त्यांच्याकडे तो कान होता, हे मी नाकारत नाही. यादीतील पहिल्या नोंदीला ते जबाबदार आहेत ते याच अर्थाने की ओळख त्यांनी करून घेतली. पुढचे सारे त्यातून आले.

पुढे ढोलकी आली, मग कोरसला दोन मुली आल्या. अर्धा तास चालणारा धवला पाच मिनिटांवर आला. गटाला नाव मिळाले, साड्या एका रंगाच्या झाल्या. या बदलांविषयी माझी तक्रार नाही. जुन्या धवलारणीनेही तिच्या काळात चाली बदलल्याच होत्या, आणि ढोलकी हवी असा हट्ट प्रथम माझ्याच पत्नीने धरला होता. गट वाढतो तो असाच. तो वाढताना मूळ आवाज कोणाचा, याची नोंद मात्र कोणीतरी ठेवायची असते. ते काम लेखणी धरणाऱ्याचे. लेखणी माझ्या हातात होती.

कॅसेट कंपनीचा अर्ज घेऊन गृहस्थ आमच्या ओटीवर आले. अर्जात गीत, संगीत आणि गायन असे रकाने होते.

"बाय, गीत कोणाचे लिहू?" मी विचारले.

"आयचं. तिच्या आयचं. माझं काय नाय त्यात."

"पण गाणारी तर तूच आहेस ना?"

"गानारीचं नाव धवल्यात येतं का रं कवा?" ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली. "येवरा शिकलास, कोर्टात बसतोस, नि येवरं समजत नाय?"

वाईट हे की मला ते पटले. ज्यावर हक्क सांगायचा नाही, त्यावर तो लिहू नये, इतका मी काटेकोर. तिन्ही रकान्यांत मी सुवाच्य अक्षरात 'पारंपरिक' असे लिहिले. धवल्याचा नियम मी सरकारी वळणाच्या कागदाला लावला. धवल्यात बायचे नाव नसले तरी मांडवातला प्रत्येक जण तिला बघत असतो. कॅसेटमध्ये तिला कोणीच बघणार नव्हते. हा फरक माझ्या ध्यानात आला नाही. शेवटचा रकाना संकलनाचा होता. "काका, तिथे माझे नाव टाका. कोणीतरी जबाबदार हवा," असे गृहस्थ म्हणाले. मी टाकले.

स्टुडिओत बाय काचेमागे उभी राहिली आणि तिला गाता येईना. "घर कुनाचं हाय?" तिने विचारले.

"घर कोणाचेच नाही, मावशी. नुसते म्हणा."

"घर नाय तं गाऊ कुनाला? भिंतीला?"

"आपल्या पोरीचं घ्या नं, बाय," माझी पत्नी हळूच म्हणाली. आमच्या मुलीचे लग्न त्याच वर्षी झाले होते. बायने डोळे मिटले आणि माझ्या मुलीचे, जावयाचे, माझे, आमच्या आजोबांचे अशी सगळी नावे घेत धवला गायली. ती नावे कॅसेटमध्ये तशीच राहिली. ती घरोघरी बदलायची असतात, हे गृहस्थांना ठाऊक नव्हते. त्यांनी ते गाण्याचेच शब्द समजले. कॅसेटच्या वेष्टणावर त्यांचे छायाचित्र होते आणि खाली लिहिले होते: पारंपरिक.

कॅसेट चालली. धवलारणीला बोलावण्यापेक्षा कॅसेट लावणे सोपे झाले. २००२च्या वैशाखात आम्ही कामणजवळ एका लग्नाला पाहुणे म्हणून गेलो. मांडवात कॅसेट वाजत होती आणि तिच्यातल्या धवल्यात माझ्याच मुलीला हळद लागत होती. पाटावर बसलेली नवरी भलतीच. तिची आई कावरीबावरी झाली: "अगो, ही कुनाची पोर? माझ्या पोरीच्या हलदीला कुनाचं नाव घेतान?"

बायला ते सोसवले नाही. तिने शेजारणीला नवरीचे नाव विचारून घेतले आणि बसल्या जागेवरून, कॅसेटच्या आवाजाहून वर, गायला सुरुवात केली. बरोबर नावांनिशी. माझी पत्नी झील धरायला सरकलीही.

तेवढ्यात माईकवरून निवेदकाचा आवाज आला. "आजी, जरा गप्प बसा. ओरिजिनल गाणे चालू आहे."

काही लोक हसले. व्यासपीठावर बँकेतील गृहस्थ शाल पांघरून बसले होते. त्यांचा तेथे लोककलेचे जाणकार म्हणून सत्कार होता. त्यांनी बायकडे पाहिले. ओळखले. मग हातातल्या नारळाकडे पाहू लागले. बाय गप्प झाली. तिने त्यानंतर कोणाच्याही मांडवात तोंड उघडलेले नाही. विचारले तर म्हणते, "आता मशीन गातं. त्याला दम लागत नाय."

माझ्या तीन पत्रांना एक उत्तर आले, एका वाक्याचे: अर्जात आपणच पारंपरिक असे लिहिले आहे. सोबत अर्जाची प्रत. अक्षर माझे. कायद्याने ते बरोबर आहेत, आणि हे मान्य करायला मला चार वर्षे लागली.

महोदय, अर्ज माझा. परंतु वैशाखातील ते मौन आपले आहे, आणि त्याला कोणताही रकाना नव्हता.

आता मला आपले लेखी उत्तर नको. बायला वाचता येत नाही. तिचा डावा कान गेला आहे; उजव्याने मोठा आवाज अजून ऐकू येतो, किती दिवस ते डॉक्टर सांगत नाहीत. येत्या गणेशोत्सवात बोळिंजच्या त्याच मांडवात मी तिला पहिल्या रांगेत आणून बसवीन. आधी मी उभा राहून माझी चूक सांगेन. त्यानंतर आपण माईक घ्यावा आणि जमलेल्या सर्वांना सांगावे, त्या कॅसेटवर गाते ती कोण. तिचे नाव मी या लेखात कोठेही घेतलेले नाही. सगळ्यांची नावे तिने घेतली. तिचे आपण घ्यायचे आहे. वडिलांच्या नावासह, पूर्ण, आणि मोठ्याने. तिच्या उजव्या बाजूला उभे राहून.