न उघडलेलं दार

सेलूला मी शाळामास्तर होतो, तेव्हा आम्ही हौशी माणसं कापसाचा हंगाम संपला की जिनिंगच्या रिकाम्या आवारात नाटक करत असू. निजामाचं राज्य संपण्याआधीचा तो उन्हाळा होता. नाटक मीच लिहिलं होतं आणि बसवतही मीच होतो. गोष्ट साधी होती. बापाशी भांडून घर सोडलेला मुलगा बऱ्याच वर्षांनी परत येतो आणि दार वाजवतो. बाप आत एकटाच असतो.

बापाचं काम बाजारातल्या एका मापाड्याकडे होतं. आवाज असा, की पोत्यांच्या थप्पीपलीकडे ऐकू जावा. मुलाचं काम मशिदीजवळच्या एका तरुण शिंप्याकडे. तो घरी दखनी बोलायचा, पण मराठी पाठ चोख करायचा. दोघांची चांगली मैत्री होती.

दाराच्या प्रवेशात मी बापाला लांबलचक भाषण दिलं होतं. मापाडी ते दणक्यात म्हणायचा, पण ऐकताना मला काही होत नसे. मग एका दुपारी आमच्याच घराची कडी वाजली. ते दिवस वाईट होते, घराघरांवर धाडी पडत. कोण आलं असेल ते सांगता येत नसे. आईचं जातं थांबलं, बायकोने पोराच्या तोंडावर हात ठेवला. बाहेर शेजारीणच होती, ताक मागायला आलेली. पण कडी वाजल्यापासून दार उघडेपर्यंत घरात जे झालं ते माझ्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी तालमीत मी भाषण काढून टाकलं. मापाड्याच्या हातात अंबाडी दिली आणि दोर वळत बसायला सांगितलं. दार वाजलं की हात थांबवायचा. पुन्हा वाजलं की मान खाली घालून वळायला लागायचं. मुलाने हाक मारायची नाही, फक्त कडी वाजवायची, प्रत्येक वेळी आधीपेक्षा हळू.

मापाडी नाराज झाला. म्हणाला, "मास्तर, मी काईच न्हाई बोललो तर लोक म्हणतील, ह्याचं पाठ न्हाई."

मी त्याला कसंबसं तयार केलं. शेवटी बाप दार उघडतो आणि दोघं समोरासमोर येतात. तेवढा भाग मी तालमीत करूच दिला नाही. लोकांपुढे तो पहिल्यांदा घडला तर खरा वाटेल, असं माझं म्हणणं होतं.

पोलिसांची परवानगी दिवेलागणीपर्यंतचीच मिळाली, म्हणून खेळ दुपार कलल्यावर लावला. लोक रिकाम्या गोणपाटांवर बसले, बायका एका अंगाला. पुढे खुर्चीवर पोलीस ठाण्याचे अंमलदार अमीनसाहेब, परवानगीसाठी आम्ही भाषांतर करून दिलेला नाटकाचा उर्दू तर्जुमा मांडीवर घेऊन. भाषण काढल्यावर तो बदलून द्यायचं आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

कडी वाजली. मापाड्याचा हात थांबला. आवारात कोणी खोकलंसुद्धा नाही. पुन्हा वाजली. त्याने मान खाली घातली आणि दोर वळायला घेतला, पण पीळ उलटा बसू लागला. हे मी त्याला शिकवलं नव्हतं. बायकांतली एक म्हातारी हलक्या आवाजात म्हणाली, "उघडू नगंस, बाबा." लगेच दुसरी बाई म्हणाली, "आगं, लेकरू हाय त्याचं." मग सगळीकडून कुजबुज सुरू झाली. अमीनसाहेब पानं उलटत होते. त्यांनी एकदा मागे वळून लोकांकडे पाहिलं आणि ते उभे राहिले.

"ये इसमें लिखा नहीं है. बंद करो."

मी समजवायला गेलो, त्यांनी ऐकलं नाही. शिपायांनी लोकांना उठवलं. शिंपी अजून दारामागेच उभा होता, त्याला काही कळलं नव्हतं. बाहेर येऊन त्याने मला विचारलं, "मास्तर, मैं जादा ठोका क्या?"

पावसाळा संपता संपता निजामाचं राज्य गेलं. त्या धामधुमीत शिंप्याचं घरही उठलं. कोणी सांगे हैदराबादेला गेले, कोणी सांगे त्याहून लांब. मापाडी दोनदा त्याच्या बंद दुकानापाशी जाऊन आला, एवढं मला त्याच्या बायकोने सांगितलं. तो स्वतः कधी बोलला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कुणाची परवानगी लागत नव्हती. मी तेच नाटक पुन्हा लावलं. मुलाच्या कामाला नवा गडी घेतला. सगळं सांगितल्यासारखं झालं. मागून कोणी तरी ओरडलं, "उघड की लवकर," आणि लोक हसले. मापाड्याने दार उघडलं, दोघं भेटले, टाळ्याही पडल्या.

रंग पुसताना मापाडी मला म्हणाला, "त्या दिवशी मला खरंच उठावं वाटायलं होतं, मास्तर. आज तुमी सांगितलं म्हणून उठलो."

त्यानंतर त्याने नाटकात काम केलं नाही. मी दोन-तीन नाटकं बसवली, पण कुठल्याही प्रवेशात लोकांना तसं गप्प झालेलं पाहिलं नाही. आजही वाटतं, तालमीत एकदा तरी मापाड्याला आणि शिंप्याला दारात भेटू द्यायला हवं होतं.