उन्हात ओला झालेला कापूस

पांढरकवड्याच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यार्डात दुपारी दोन वाजता माझ्या मीटरने सातवी गाडी ‘ओली’ ठरवली. गाडीवरच्या बाईंनी मूठभर कापूस माझ्या नाकासमोर धरला. “हा ओला हाये? पोरी, तुले डोळे हायेत का बटनं?”

मी चाळिशीला टेकले होते, त्यामुळे ‘पोरी’चं सुख झालं. कापसाचे ते वाईट दिवस. भरलेली गाडी परत नेणं म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. मला फक्त माझं मीटर दिसत होतं.

कापसातली ओल मोजणारं हे यंत्र यवतमाळच्या आमच्या छोट्या कंपनीचं. त्यातलं सॉफ्टवेअर माझं. बोर्डावर कुठल्या पिनला काय जोडलंय, हे ऑपरेटिंग सिस्टिमला आपोआप कळत नाही. यादी द्यावी लागते: या पिनवर ओलीचा सेन्सर, त्या पिनवर तापमानाचा. मोठ्या कॉम्प्युटरला ती वेगळ्या फाइलमध्ये देता येते, तो चालू होताना वाचतो. आमच्या चिपमध्ये मेमरी एवढीशी, म्हणून यादी प्रोग्राममध्येच पक्की बसवायची. मी तर बोर्डाचा लॉट नंबर तपासायची ओळही काढून टाकली होती. बारा बाइट वाचवल्या! ऑफिसात पेढे वाटायचेच बाकी होते.

बोर्ड जोडणारे रफिकभाई सोबत होते. ते हळूच म्हणाले, “मॅडम, नव्या लॉटमंधी दोन सेन्सरच्या जागा उलट्या आल्या. मी सांगतलं होतं तुमाले.”

“तुम्ही सोल्डरिंग बघा. सॉफ्टवेअर मी बघते.”

“बरं. पण सकाळी नऊ टक्के दाखवून राह्यलं होतं, आता सोळा. उन्हात कापूस ओला होते काय?”

लोक हसले. झालं! यार्डभर ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, “यांचं सोल्डरिंगच कच्चं आहे!” कंपनीच्या साहेबांनाही फोनवर तेच सांगितलं. संध्याकाळी साहेबांनी रफिकभाईंना कामावरून काढलं. मी ऐकलं आणि घरी जाऊन व्यवस्थित जेवले.

दुसऱ्या दिवशी पुरावा शोधायला मीटर उघडलं. एक टाका कच्चा निघेल तर शपथ. वैतागून गरम चहाचा ग्लास शेजारी ठेवला, तर आकडा चढायला लागला. कापूस टेबलावर नव्हताच. तापमानाला मी ओल म्हणत होते.

यादीतल्या दोन ओळींची अदलाबदल केली. तीन मिनिटांचं काम. साहेबांना सांगितलं.

“झालं ना दुरुस्त? मग कायले गाजावाजा?”

“रफिकभाईंना परत बोलवा.”

“बोलवतो. पण काहून काढलं होतं, ते तुम्हीच सांगा त्यांना.”

चार दिवसांनी ते आले. मी त्यांना स्टोअररूममध्ये नेलं, दार लोटलं आणि माफी मागितली.

“यार्डात तुमी लाऊडस्पीकर होत्या, मॅडम,” ते म्हणाले. “माफी कानात?”

मग ते कामाला लागले. मीही लागले. लॉट नंबरची ओळ परत घातली. नंबर जुळला नाही तर मीटर आता चालूच होत नाही. बोर्डावर काय कुठे आहे, हे ज्याने हाताने जोडलं त्याला विचारून मगच यादी लिहायची, एवढं शिकले.

दुरुस्त मीटर पांढरकवड्याला न्यायचं होतं. रफिकभाईंनी विचारलं, “चलता का?” मी म्हणाले, काम आहे. काम काहीच नव्हतं. आणि मीटर एसटीच्या पार्सलने पाठवून दिलं.