कमलच्या घरी नेलेला तांदूळ

प्रिय रूथ आणि आशिष,

फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "कमलआजी शेवटी शांतपणे गेली ना?" मी हो म्हटलं आणि विषय बदलला. ते उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. तुम्ही आता मोठे आहात, आणि माझ्या बहिणीची हकीकत सांगू शकेल असं माझ्या पिढीत दुसरं कोणी उरलेलं नाही. म्हणून माझा लोणावळ्याचा प्रवास जसा घडला तसा, क्रमाने लिहिते आहे.

दसरा होऊन गेला होता. नगरहून एसटीने पुण्याला आले आणि पुणे स्टेशनवर लोणावळ्याची लोकल पकडली. "डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा," असं पल्लवीने कळवलं होतं. पल्लवी ही कमलची नात, तळेगावच्या एका कारखान्यात नोकरी करते आणि आजीच्या आजारपणात तिच्याकडेच राहत होती. देहूरोड सुटलं, तशा गाडीच्या खिडकीतून टेकड्या दिसू लागल्या. उतारांवर सोनकीची (पावसाळ्याअखेर फुलणारी पिवळी रानफुलं) पिवळी चादर होती. एरवी मी डबा उघडून सँडविच खाल्लं असतं. त्या दिवशी डबा तसाच मांडीवर राहिला.

कमल नर्स होती. तिच्या एकुलत्या मुलीने, नलिनीने, इंदुरीच्या तानाजीशी लग्न केलं. शेतकरी मराठा घर, आपला ख्रिस्ती समाज नाही. कमलला ते सहन झालं नाही. पल्लवी झाल्यावर नलिनी बाळ घेऊन आईच्या दारात आली. कमल आत होती. तिने कडी काढली नाही. पुढच्याच पावसाळ्यात नलिनी काविळीने गेली.

त्यानंतर कमल चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसू लागली. आपल्याकडे प्रभुभोजनाच्या वेळी, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून, भाकरीचं ताट बाकाबाकावरून फिरतं, हे तुम्ही पाहिलं आहे. ताट आलं की कमल ते दोन्ही हातांनी धरायची आणि भाकर न घेता शेजारणीकडे द्यायची. प्रभुभोजनाचे पेले मात्र तीच धुवायची, मेजावरची चादर तीच इस्त्री करायची, चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी बसायची. "आधी लायक होऊ दे," म्हणायची. आता चर्चचे पाळकसाहेब त्या रविवारी उपासनेनंतर तिच्या घरी प्रभुभोजन घेऊन येणार होते. ती ते घेईल का, एवढा एकच प्रश्न घेऊन मी निघाले होते.

तानाजीरावांनी इंदुरीवरून यायचा आग्रह केला होता, म्हणून तळेगावला उतरून रिक्षा केली. किल्ल्याचा जुना दरवाजा मागे टाकला आणि इंद्रायणीकाठची खाचरं (बांध घातलेली भाताची छोटी शेतं) लागली. पाऊस लांबल्यामुळे कापणी रेंगाळली होती. ओल्या बांधावर माझा पाय घसरला, चपलेचा अंगठा तुटला आणि मी भातात बसले.

"आवो मावशी, भात कापायचाय आजून, लोळवायचा न्हाई!" तानाजीराव पळत आले. हात देताना हसले आणि मग एकदम गंभीर झाले. "कशा हायेत त्या?"

"पल्लवी म्हणते, फार दिवस नाहीत."

त्यांनी मान हलवली. आधी जेवायला बसवलं. भाकरी, कुळथाचं पिठलं, ठेचा. मग एक पितळी डबा पुढ्यात ठेवला.

"नवा आंबेमोहर हाय. आगाप, लवकर पिकल्या खाचरातला, कालच गिरणीत सडून आनला. नवा तांदूळ चिकाट व्हतो, पन आजाऱ्याच्या पेजंला बरा."

"जावईबापू, ती घेईल, पण खायची नाही."

"ठावं हाय की. दरसाली धाडतो, दरसाली त्या वाटून टाकत्यात. आन् डबा लाडू भरून माघारी. रिकामं भांडं परत करायचं न्हाई, ही आपली रीत हाय, खरंय. पन मावशी, मला लाडू कुटं पायजे व्हते? ह्या बारीला डबा रिकामाच येऊं द्या म्हनावं."

मी विचारलं, "राग नाही येत तुम्हांला?"

"आला व्हता. लय आला व्हता." ते खाचरांकडे बघत राहिले. "पर राग हातात धरला, तर भात कापाया इळा कुटल्या हातानं धरायचा?"

तळेगावहून पुन्हा लोकल. कामशेत, मळवली, आणि लोणावळा आलं तेव्हा धुकं उतरलं होतं. शनिवारच्या सहलीला आलेली गर्दी चिक्कीच्या दुकानांतून वाहत होती. तुटकी चप्पल सुतळीने बांधून, डबा छातीशी धरून, मी त्या हसऱ्या माणसांतून वाट काढली. खंडाळ्याच्या बाजूला, एका बंगल्यामागे, कमलचं दोन खोल्यांचं घर. पल्लवीने दार उघडलं.

कमल अंथरुणात एवढीशी झाली होती. जीभ मात्र शाबूत होती.

"आलीस? माझ्या मरणालासुद्धा वेळापत्रक लावशील तू. आणि पायाला काय बांधलंयस? सुतळी?"

आम्ही दोघी हसलो, आणि मग हसता हसता दोघींनाही रडू आलं.

संध्याकाळी मी पेज (पातळ मऊ भात) शिजत घातली. आंबेमोहराचा वास घरभर पसरला. तिने डोळे मिटूनच विचारलं, "कुठला तांदूळ?"

"इंदुरीचा."

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिकडूनच म्हणाली, "फळीवर चिक्की असेल बघ. डब्यात भर."

"डबा रिकामा मागितलाय."

"असं कसं घेऊ मी? त्याच्या बायकोला, त्याच्या लेकराला मी दारात उभं ठेवलं."

"कमल, कृपा ही मजुरी नव्हे. लहानपणापासून हेच ऐकत आलो ना आपण? लायक झाल्यावर मिळते ती कृपा कसली?"

"ऐकायला सोपं आहे गं. तुझ्या हातून काही मोडलं नाही."

 पल्लवी वाटी घेऊन उशाशी बसली होती. ती म्हणाली, "आजी, तोंड उघड. निवतंय."

कमलने तिच्याकडे पाहिलं. ज्या बाळासाठी कडी काढली नव्हती, ते बाळ चमचा धरून बसलं होतं. मग तिने तोंड उघडलं. काही घास घेतले. आडवी असल्यामुळे अश्रू कानांकडे ओघळत होते आणि पल्लवी ते पदराने नव्हे, सरळ तळहाताने पुसत होती.

"मीठ कमी आहे," कमल म्हणाली, आणि आणखी एक घास मागितला.

रविवारी सकाळपासून तिचा श्वास बदलला. पाळकसाहेबांची गाडी पर्यटकांच्या रांगेत अडकली होती, त्यांचे फोन येत होते, "निघालोय, हलत नाही." दुपारी पल्लवीच्या हातात हात असताना कमल गेली. पाळकसाहेब शेवटी गाडी सोडून चालत आले. भिजलेले बूट, काखेत प्रभुभोजनाची छोटी पेटी.

"न घेताच गेली हो ती," मी म्हटलं. 

ते तिच्याजवळ बसले. काल काय झालं ते मी सांगितलं. ऐकून म्हणाले, "बाई, या खोलीत यायला देवाला माझ्या गाडीची वाट बघावी लागली असेल का? ही भाकर त्याच्या दानाची खूण आहे, किंमत नाही."

माझ्या मनाने ते लगेच मानलं नाही. मला ती भाकर तिच्या ओठांना लागलेली पाहायची होती, व्यवस्थित, पाळकांच्या हातून. अजूनही कधी कधी मन हट्ट करतं. त्यांनी पेटी उघडून तिच्यासाठी आणलेली भाकर माझ्यापुढे धरली. मी घेतली. बदल्यात द्यायला माझ्याजवळही काही नव्हतं, हे त्या वेळी पहिल्यांदा नीट कळलं.

दफनविधीला तानाजीराव आले. सगळ्यांबरोबर मूठभर माती टाकली. घरी परतल्यावर पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर डबा धुऊन ठेवला होता. त्यांनी झाकण काढून आत पाहिलं.

"खाल्ला?"

"पोटभर नाही. पण खाल्ला."

ते तिथेच भुईवर बसले आणि टोपीत तोंड लपवून रडले.

परतीच्या लोकलमध्ये मला खिडकी मिळाली. कापलेल्या खाचरांत पेंढ्या वाळत होत्या. मुलांनो, कमलला शांती मिळाली का, याचं पुराव्यासकट उत्तर माझ्याकडे नाही. तिने आयुष्यभर देवाला काही ना काही देऊ केलं आणि शेवटी एकदा, फक्त एकदा, नुसतं घेतलं. त्या एका घेण्यावर देव तिला नाकारेल, असं मला वाटत नाही. पण ती आणखी थोडी जगायला हवी होती. घेतल्यानंतरची कमल कशी असते, ते मला बघायचं होतं.

लोणावळ्याच्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. माझी बहीण नाही, नलिनी नाही. पल्लवी आहे. ती रविवारी मला फोन करते आणि मला आजी म्हणते.