सिकाडा आणि कापलेला आवाज

जर्मनीत, गार्चिंगच्या आमच्या संस्थेत मी कीटकांचे आवाज ओळखणाऱ्या प्रोग्रॅमवर काम करतो. त्यातले काही आवाज तीन उन्हाळे बाबांनी पाठवले. आई गेल्यावर ते ऑस्ट्रेलियात, माझ्या धाकट्या बहिणीकडे राहायला गेले होते. तिच्या घरामागे निलगिरीचं रान आहे. तिथे एक लहानसा तपकिरी सिकाडा असतो, सालीला चिकटला की दिसतच नाही. ऊन तापलं की नर गातो आणि त्याच्या प्रत्येक ओळीनंतर मादी पंखांची एकच टिचकी वाजवून उत्तर देते. ढग आला, माणूस हलला, की दोघंही गप्प. म्हणून बाबा झाडाखाली खुर्ची टाकून अर्धा अर्धा तास पुतळ्यासारखे बसायचे.

त्यांचं आयुष्य वेधशाळेत हवामानाच्या नोंदी करण्यात गेलेलं. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तापमान, वारा, ढग सांगायचे आणि शेवटी, ‘‘बाकी ठीक. तू कधी येतोयस?’’

आमच्याकडे डाटेनशुट्झ, म्हणजे खासगी माहिती जपण्याचा कायदा, कडक. संग्रहात माणसाचा आवाज जाता कामा नये. मी सुरुवातीचं तापमान लिहून घ्यायचो आणि ते कापायचो. शेवटचं न ऐकताच कापायचो. पडद्यावरच्या लहरींत तो प्रश्न मला नुसता दिसायचा, दरवेळी त्याच आकाराचा.

मे महिन्यात बाबा गेले. मी तेव्हाही पोचलो नाही. बहिणीने फक्त त्यांचा आवाज मागितला. मी म्हणालो, नियमच आहे, सगळं पुसावं लागलं.

नियम संग्रहापुरताच होता. मूळ फायली ठेवायला कुणाचीच ना नव्हती. त्या मी आपणहून पुसल्या. जाणं राहूनच जायचं, कधी प्रोजेक्ट, कधी मुलीची शाळा. त्यांना सांगण्यासारखी तारीख माझ्याकडे कधीच नव्हती.

परवा सकाळी, ऑफिसला निघण्याआधी, तिला फोन करून हे सांगून टाकलं. इथे बर्फ पडत होता, तिच्याकडे संध्याकाळचं ऊन होतं. मग म्हणालो, कापल्यावर जे उरलंय ते पाठवू का?

‘‘सिकाडे? ते माझ्या दारातच ओरडतायत, दादा. त्यांचं मी काय करू?’’

फोन मात्र तिने ठेवला नाही. बहुधा मागच्या पायरीवर जाऊन बसली असावी, कारण सिकाडे स्पष्ट ऐकू यायला लागले. मला वाटलं, आता तीही विचारेल, तू कधी येतोयस. या वेळी मी तारीख सांगितली असती.

तिने विचारलं नाही.